संत्र्याच्या रसातली कोशिंबीर

आमच्या शेजारच्या खोलीत एक गृहस्थ एकटेच राहत. सदर भागातल्या कचेरीत कारकून होते, पण काकडी चिरायला बसले की थेट रंगभूमीवर उतरत. काकडीचं टोक कापून फेस येईपर्यंत घासायचं आणि तिला दम द्यायचा, "कडू निघाली तं पाहून घीन तुले!" मग मुळा, कांदा, कोथिंबीर, आणि वरून लिंबाऐवजी संत्रं पिळायचं. आम्ही दारात उभे राहून हसायचो.

वडील गेले त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटायची नव्हती. गल्लीतल्यांनी रिवाजाप्रमाणे पिठलं-भाकरी आणली. आईने आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं, पण त्या ताटाकडे तिने पाहिलंही नाही. संध्याकाळी हे गृहस्थ कोशिंबिरीचं भगुणं, मिठाची पुडी आणि एक संत्रं घेऊन आले आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले.

"काकू, मले मिठाचा अंदाजच येऊन नाही राहिला. तुमी जरा चाखून सांगा."

जमलेल्या बाया चमकल्या. "काहून तरास देता भाऊ तिले?" एकीने विचारलंच.

आईने चमचाभर चाखलं. "कमी आहे," ती पुटपुटली. सकाळपासूनचा तिचा पहिला शब्द.

त्यांनी चिमूटभर मीठ टाकलं. "आता?"

"थोडं अजून."

त्यांनी आणखी एक चिमूट टाकली, वर संत्र्याची फोड पिळली. "आता पाहा बरं."

ते विचारत राहिले, आई चाखत राहिली. भगुणं अर्ध्यावर आलं तेव्हा कुठे ते उठले.

"आता जमली," म्हणाले, आणि भगुणं तिथेच ठेवून गेले.