लाल गाडी आणि बाबांची डबल बेल

जुनी गाडी घ्यायला निघालं की गाडीच्या आधी घरात किस्से येतात. आमच्याकडे इतके आले की त्यांनाच वेगळं पार्किंग लागेल.

मी यवतमाळला माती तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. नमुने आणायला कळंब, राळेगाव, पांढरकवडा अशी सारखी फिरते. मला एकच गाडी हवी होती, एक छोटी स्पोर्टी कार. तिच्या तीन पिढ्या बाजारात आहेत. पहिली बुटकी, हलकी आणि चपळ. दुसरी ऐसपैस. तिसरी स्क्रीनवाली.

पैसे माझे, लायसन्स माझं, मंजुरी मात्र कमिटीची! कमिटीत आई, राळेगावकडे कापूस लावणारे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, आणि एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले बाबा. मी चालवत असताना बाबा तोवर कधी गाडीत बसले नव्हते. "दुसऱ्याच्या हातातलं स्टिअरिंग मले पाहवत नाही," हे त्यांचं ठरलेलं. आणि बाबा माझ्या मागे बसल्याशिवाय गाडी घरी आणायची नाही, हे माझं ठरलेलं. असलं काही मी कशाला ठरवलं म्हणून माझं मलाच चिडायला होत होतं.

* * *

मी तिन्ही पिढ्यांचा तक्ता केला. इंजिन, वजन, मायलेज, स्पेअर पार्ट. दोन रात्री जागून केलेला तो तक्ता बाबांनी चष्मा लावून पाच मिनिटं वाचला आणि खाली पेनाने एक ओळ वाढवली: "भोंगा." पुढे तिन्ही रकान्यांत लिहिलं, "बारीक."

बस चालवलेल्या माणसाला कुठल्याही कारचा हॉर्न म्हणजे सायकलची घंटीच वाटते.

* * *

तिसरी पिढी पाहायला कळंबला गेलो. मालक कौतुकाने मागचा कॅमेरा दाखवत होता. मोठेबाबा तोवर डिकीत हात घालून वितीने माप घेत होते. फवारणीचा पंप आडवा बसतो की उभा, हा त्यांचा प्रश्न. मालकाने पुन्हा स्क्रीनकडे लक्ष वेधलं.

मोठेबाबा शांतपणे म्हणाले, "मांगचं दाखवते, ते बेस हाय. पण मांगं जाण्यासाठी गाडी कोण घेते?"

मी चालवून पाहिली. स्टिअरिंग इतकं हलकं की मोबाइलवर गेम खेळतेय असं वाटलं. ती बाद.

* * *

दुसरी पिढी राळेगावला होती. मालक एक तरुण कृषी केंद्रवाला. स्पोर्टी गाडी म्हणजे सीट खाली असणारच. आई आत बसली, गुडघे पोटाशी आले. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "हे सीट हाय का पाट? एवढं खाली बसवलं तर ताट तरी वाढ मंग."

कृषी केंद्रवाला हसला. तो शेवटचा हसला तो तेव्हाच.

कारण मग बाबा स्टिअरिंगवर बसले. इंजिन सुरू, गिअर टाकलेला, आणि गाडी जागची हलेना. मालक घाबरला. मी विचारलं, "बाबा, काय झालं?" बाबा समोर बघत बसलेले. शेवटी मागून आईने बांगडीने काचेवर दोनदा टकटक केलं. गाडी निघाली!

कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. तीस वर्षं डबल बेलशिवाय गाडी न सोडलेला माणूस कारही सोडत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

* * *

हा त्याच फेरीचा पुढचा भाग. कळंब रोडवर बाबा प्रत्येक स्टॉपवर थांबत होते. मी दात खात होते. तिसऱ्या स्टॉपवर एका म्हाताऱ्या आजीने दार उघडलं. "कळंब जाते का?"

"बसा," बाबा म्हणाले.

आजी आईला खेटून बसली. बसल्या बसल्या पिशवीतून आधार कार्ड काढून तिने गाडीच्या मालकासमोर धरलं. एसटीत पंच्याहत्तरीच्या वर प्रवास फुकट असतो ना! त्या बिचाऱ्याने कार्ड दोन्ही बाजूंनी तपासून परत दिलं.

आजीला कळंबला चिंतामणीच्या देवळापाशी सोडून आम्ही परत आलो. गाडी वाईट नव्हती, पण वळणावर सुस्त. ती पण बाद.

* * *

उरली पहिली पिढी. पांढरकवड्याच्या एका रिटायर गुरुजींची, लाल. मोठेबाबा म्हणाले, "म्हाताऱ्यांवर चिडते अन् गाडी म्हातारीच पाहून राह्यली." पण पहिल्याच वळणावर ती गाडी माझ्या हातात मांजरीसारखी वळली होती. हीच! पण दुसऱ्या दिवशी सकाळी आदिलाबादचं गिऱ्हाईक येणार होतं. ठरवायचं ते आजच.

बाबा खाली वाकले, ऑइल हुंगलं, टायरांवरून हात फिरवला. मग हॉर्न दाबला. गुरुजींच्या पुतण्याने त्यात ट्रकचा भोंगा बसवलेला! समोरच्या टपरीवाल्याच्या हातातला चहा सांडला. बाबांनी पुन्हा दाबला. दुसऱ्यांदा काही तपासायचं नव्हतं.

तरीही ते हो म्हणेनात. मी तडकून स्टिअरिंगवर जाऊन बसले. शेजारी गुरुजी, मागे आई. मोठेबाबा टपरीवरच राहिले. मागचं दुसरं दार उघडलं, लागलं. आरशात बाबा दिसले.

मी गिअर टाकला आणि तशीच थांबले.

"चला ना ताई," गुरुजी म्हणाले. मी नाही हलले.

मग मागच्या काचेवर बाबांच्या अंगठीने दोनदा टकटक झालं. मी निघाले.

यवतमाळ रोडच्या पहिल्या स्टॉपवर एकच टक. मी थांबले. पिशवी घेतलेला एक माणूस धावत आला. "यवतमाळ जाते का?"

बाबांनी काच खाली केली. "नाही भाऊ. हे माह्या पोरीची गाडी हाय."

काच वर गेली. टक, टक.