दहाव्या दिवसाची चाल

माझा नवरा बोटीवर असतो. मालवाहू बोटीच्या इंजिनरूममध्ये फिटर. नऊ महिने समुद्रात आणि तीन महिने घरी. मी पेडण्याजवळच्या आमच्या गावातल्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. घरात मी आणि सासूबाई.

बोटीवर इंटरनेट मिळतं, पण तुटक. व्हिडिओवर बोलायला बसलो की त्याचं तोंड उघडं राहून चित्र गोठायचं. मी तीन-तीनदा "ऐकू येतं का?" विचारायची आणि शेवटी आम्ही दोघंही वैतागून फोन ठेवायचो. म्हणून गेल्या सुट्टीत त्याने आमच्या दोघांच्या मोबाइलवर एक खेळ घातला. मला असल्या खेळांची आवड नव्हती. पण हा घाईघाईने बटणं दाबायचा खेळ नव्हता. पाळीपाळीने, बुद्धिबळासारखी चाल करायची. मी माझी चाल केली की ती त्याच्याकडे जायची. त्याला नेट मिळेल तेव्हा तो आपली करायचा. साधारण दिवसाला एक.

खेळात एक बेट होतं. दक्षिणेचा किल्ला त्याच्याकडे, उत्तरेची खाडी आणि घोडदळ माझ्याकडे, आणि दोघांच्या मधोमध धान्याचं कोठार. शत्रू समुद्रातून यायचा आणि त्याला संगणक चालवायचा. पंचवीस चालींपर्यंत कोठार राखलं की आम्ही जिंकलो, त्याआधी पडलं की हरलो. प्रत्येक चालीसोबत दोन ओळींची चिठ्ठी पाठवता यायची. खरं सांगायचं तर मी त्या चिठ्ठीसाठी खेळायची. "आज भात कच्चो होतो." "हयसर मासे उडतत, पाखरांसारे." असलं काहीतरी.

खेळाच्या पाच पातळ्या होत्या. पहिल्या दोन आम्ही सुट्टीतच, दारापुढच्या बलकांवात शेजारी शेजारी बसून जिंकलो. तिसरीला तो बोटीवर गेला आणि आम्ही अडकलो. चार महिन्यांत पाच वेळा हरलो. दर वेळी तेच व्हायचं. पंधराव्या-सोळाव्या चालीपर्यंत सगळं ठीक, मग दोन दिवसांत कोठार जळायचं. तो लिहायचा, "तुझे घोडे उशिरा आयले." मी लिहायची, "तू किल्ल्याचा दरवाजा उघडा ठेवलास." पुन्हा नवा डाव. पुन्हा तेच.

सहावा डाव चालू असताना त्याचा फोन आला. आवाज बरा येत होता.

"आता त्या पट्ट्यातसून जावचा आसा," तो म्हणाला. कुठला पट्टा ते मला कळलं. त्या समुद्रात बोटींवर हल्ले होतात हे टीव्हीवर रोज दाखवत होते. "चार-पाच दिस नेट बंद. घाबरू नको."

"आणि पाच दिवसांनी?"

"पाच दिसांनी माझी चाल येतली. आणि काय?"

त्या दिवशी मी माझी चाल करून ठेवली. पडद्यावर आलं, 'सोबत्याची वाट पाहत आहे'. बाजूला एक छोटं वर्तुळ आणि त्यात दहाचा आकडा. दहा दिवसांत सोबत्याने चाल केली नाही, तर त्याच्या जागी संगणक खेळू लागायचा, असा त्या खेळाचा नियम होता. तोवर आम्हाला त्याची कधी गरज पडली नव्हती.

पाच दिवस मी कसेतरी काढले. वर्गात मुलं पाढे म्हणत असायची आणि मी टेबलाच्या खणात हात घालून फोन चाचपायची. सासूबाईंना वाचता येत नाही, पण खेळ त्यांना माझ्याइतकाच कळला होता. फोन आला का, असं त्या विचारायच्याच नाहीत. मी शाळेतून आले की त्या दारातच विचारायच्या, "आयली गो तेची चाल?"

"नाही आई. अजून वेळ आहे."

सहाव्या दिवशी संध्याकाळच्या बातम्यांत एक बोट जळताना दाखवली. काळा धूर, आणि बोटीचं नाव वाचता येऊ नये इतक्या लांबून घेतलेलं चित्र. सासूबाई आतून ताटं घेऊन येत होत्या. मी रिमोट उचलला आणि कीर्तनाचा कार्यक्रम लावला. मी ताट तसंच ठेवलं. त्यांनी विचारलं तेव्हा दाढ दुखते म्हणून सांगितलं.

सातव्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेमागच्या काजूखाली उभी राहून मी वास्कोला त्याची भरती करणाऱ्या एजंटच्या ऑफिसात फोन केला.

"बोट वाटेवर आहे, मॅडम," तिकडचा माणूस म्हणाला. "सिग्नल मुद्दाम बंद ठेवलेत. एवढंच सांगू शकतो."

"काल जी बोट दाखवली ती..."

"ती आमची नव्हे."

"नक्की?"

"आमच्याकडे तरी तशी काही खबर नाही, मॅडम."

'नक्की' असं तो म्हणाला नाही. दिवसभर मी तेवढंच घोळवत राहिले.

आठवा दिवस मंगळवार होता. मी रजा टाकून म्हापशाच्या बाजाराला गेले. घरात बसवेना, दुसरं काय? मिरच्या घेतल्या, सुके बांगडे घेतले, चण्याची चिकी घेतली. बस स्टँडवर आले आणि पर्समध्ये फोन वाजला. पिशवी सोडून मी दोन्ही हातांनी फोन काढला. कुठल्यातरी दुकानाच्या सेलची जाहिरात होती. मिरच्या सगळ्या जमिनीवर. एक बाई त्या गोळा करून पिशवीत भरत होती आणि मी नुसती उभी. "बरां नाय काय गो बाय?" असं तिने विचारलं. मी मान हलवली आणि बसमध्ये जाऊन बसले. पेडण्यापर्यंत फोन मुठीत धरून ठेवला.

नवव्या दिवशी मी आमचे जुने डाव उघडले. त्या खेळात हरलेले डाव पुन्हा पाहता येतात. त्याच्या हातून झालेलं काहीतरी पाहावं, एवढ्यासाठीच उघडले. पण पाहता पाहता एक गोष्ट लक्षात आली. दर वेळी शत्रू आधी त्याच्या किल्ल्यावर यायचा. मी घाबरून सगळं घोडदळ तिकडे काढायची. तोही दरवाजा उघडून माझ्या वाटेवर फौज आणायचा. त्यानंतर तिसऱ्या चालीला शत्रूची दुसरी टोळी थेट कोठारापाशी उतरायची, आणि तिथे कोणीच नसायचं. पाचही डावांत हेच. पहिल्या दोन पातळ्यांत दुसरी टोळी नव्हती, म्हणून एकमेकांकडे धावत जाण्याची सवय आम्हाला लागली होती. ती सवय चांगली आहे असंच मला वाटत होतं.

हे कळून मला आनंद झाला नाही. सांगायचं कोणाला? वर्तुळात एकाचा आकडा होता.

दहाव्या दिवशी चौथीला शुद्धलेखन घालत होते. फोन थरथरला. 'तुमची चाल.'

मी उघडलं. चिठ्ठी कोरी होती. किल्ल्याचा दरवाजा बंद, फौज आत.

त्याने एकदाही, एकाही डावात दरवाजा बंद केला नव्हता. आणि चिठ्ठीशिवाय चाल तर कधीच पाठवली नव्हती. दहा दिवस भरले होते. माझ्या मनाने लगेच हिशेब मांडला: ही चाल संगणकाची आहे.

"बाई, पुढचां वाक्य?" पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. पुढचं वाक्य मला दिसेना. मी मुलांना धडा मनात वाचायला सांगितलं आणि मागच्या व्हरांड्यात जाऊन खांबाला धरून उभी राहिले. मुख्याध्यापिकांना पोट दुखतं म्हणून सांगितलं आणि घरी आले.

सासूबाई दारातच. "आयली चाल?"

"आली," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

"मगे रडतंस कित्या?" त्या हसल्या. त्यांचेही डोळे भरले होते. "माका म्हायत होतां. माझो झील असो जावचो नाय खंय." त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं, आत गेल्या, देवापुढे दिवा लावला आणि साखर ठेवली. साखरेचे चार दाणे माझ्या तळहातावर दिले. मी ते खाल्ले. त्यांना काय सांगू? आत त्या वाडी-भावकीत फोन करून कळवायला लागल्या. मी खुर्चीवर बसून होते आणि प्रत्येक फोनसरशी आणखी खाली खाली जात होते. आता हे सगळं मला परत घ्यावं लागणार. या बाईला मीच सांगणार. त्याच्या मरणाची भीती होतीच, पण त्या दुपारी ही दुसरी भीती तिच्याहून मोठी झाली.

चार वाजता फोन आला. अनोळखी, लांबलचक नंबर.

"आयकतंस गो? दोनच मिन्टां आसत."

मी फोन दोन्ही हातांनी कानाला धरला.

"हॅलो? आयकाक येता काय?"

"ती चाल," मी म्हणाले. "ती तू केलीस?"

"मीच. सकाळी घडीभर नेट मेळला. चिठ्ठी लिवक गावली नाय." आणि लगेच पुढे, "चाल पण चुकली गो. हात थरथरत होतो. फौज भायर काढूक गेलंय आणि दरवाजोच बंद जालो. माफ कर."

मी हसले की रडले ते आठवत नाही. सासूबाई धावत आल्या आणि फोन त्यांच्या कानाला लावला, तोवर लाइन गेली होती. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्या लेखी तो सकाळीच सुखरूप झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला लिहिलं, "दरवाजा बंदच राहू दे. मी घोडे पाठवणार नाही. कोठारापाशी थांबते." त्याचं उत्तर, "येडी काय? मरतलंय मी." ते एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. बोट अजून समुद्रातच होती. खेळातलं मरण आणि बाहेरचं, दोन्ही मला निराळी ठेवता येत नव्हती.

तरी मी घोडे हलवले नाहीत. पहिल्या दिवशी शत्रूने त्याच्या भिंतीचा चौथा हिस्सा पाडला. दुसऱ्या दिवशी आणखी. "भिंत पडता. घोडे धाड." मी 'नाही' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. चाल पाठवायचं बटण दाबताना मी डोळे मिटून घेतले. शिक्षिका आहे, चाळिशीला टेकलेय, आणि मोबाइलवरच्या खेळापुढे डोळे मिटून बसलेय. तिसऱ्या दिवशी दुसरी टोळी कोठारापाशी उतरली. माझे सगळे घोडे तिथे होते. दोन चालींत ती टोळी संपली. आणि बंद दरवाजाचा तो किल्ला, जो आम्ही दोन चालींत पडेल असं धरून चाललो होतो, तो पाच चाली टिकला. मग मात्र मी सगळं घेऊन त्याच्याकडे निघाले.

पंचविसाव्या चालीला पडद्यावर झेंडा आला. भिंतीचा एक कोपरा तेवढा उरला होता. त्याची चिठ्ठी आली, "जिंकलो मगो." मी बराच वेळ झेंड्याकडे पाहत होते. आनंद व्हायला हवा होता. मी त्याची चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली, त्याच्याच हातची आहे ना ते पाहायला.

नऊ महिने भरले आणि तो मोपाच्या विमानतळावर उतरला. बारीक झाला होता. पहिला आठवडा तो नुसता झोपला. मग एका सकाळी बलकांवात उंडे पाव आणि चहा घेऊन बसलो असताना आपणहून त्या दिवसांबद्दल बोलायला लागला. सगळ्यांना इंजिनरूमजवळच्या एका खोलीत बंद करून ठेवलं होतं. दोनदा काहीतरी धडाडलं, बोट हलली. मारा आपल्यावर की शेजारच्या बोटीवर, ते कळायला मार्ग नव्हता. एक पोरगेला खलाशी सारखा आईला हाक मारत होता.

"आणि तू काय करत होतास?" मी विचारलं.

"मी दरवाजाक पाठ लावन बसलेलंय," तो म्हणाला. "भायर गेलंय तर मरतलंय, ह्यां ठावक होतां. तरी भायर पळासां वाटत होतां."

त्याने चहा संपवला. नंतर त्याने त्या पट्ट्यातून जाणारी बोट नको म्हणून एजंटला कळवलं. दुसरी मिळाली, ती वेगळ्या समुद्रात जाते. पुढच्या महिन्यात निघेल. चौथ्या पातळीवर आम्ही तीनदा हरलोय आणि का हरतोय ते अजून कळलेलं नाही. तो गेला की मी पुन्हा घाबरणार आहे. त्या दुपारी मी खरं का रडले, ते सासूबाईंना मी अजून सांगितलेलं नाही.