खोकल्यावर घातलेली चाल

दुबईत, जबल अली बंदराजवळच्या आमच्या यार्डात एक अमेरिकन इंजिनियर होता, साठीचा. रविवारी दुपारी तो मेसमध्ये बँजो वाजवायचा. त्याच्या डोंगराळ मुलखात या संगीताला ब्लूग्रास म्हणतात, एवढंच मला माहीत. त्याने स्वतः रचलेलं एक गाणं होतं. इतकं धावतं, की जेवणारे ताटं सारून ताल धरायचे. शब्द मात्र कुणाला कळायचे नाहीत. एकदा मी ते फोनवर रेकॉर्ड करून खोलीवर नेलं.

खोलीत माझ्यासोबत चुलतभाऊ राहायचा. मी त्याला दादा म्हणतो. बारा वर्षं तो मार्बल कापायच्या कामावर होता. खोकून बेजार व्हायचा, पण छातीचा एक्सरे काढायला टाळाटाळ करायचा. गाणं ऐकून तो खूश झाला. म्हणाला, "आपल्याकडच्या डबलबारीच्या सामन्यातल्या भजनासारखं चढतंय रे. परत लाव."

पुढच्या रविवारी मी इंजिनियरला विचारलं, हे सुचलं कसं?

तो म्हणाला, "माझे वडील कोळशाच्या खाणीत होते. शेवटी शेवटी सतत खोकायचे. ते कानावर पडू नये म्हणून मी बाहेर बसून जोरजोरात, भरभर वाजवायचो. त्यातून ही चाल झाली. शब्द ते गेल्यावर घातले."

"त्यांना कळलं होतं, तुम्ही का वाजवता ते?"

"कळलं असणार. आम्ही त्यावर कधी बोललो नाही."

दादाला यातलं काही सांगितलं नाही. तो गाणं लाव म्हणाला, की मी चार्जिंग संपलंय म्हणायचो.

शेवटी एक्सरे निघाला. डॉक्टर म्हणाले, दगडाची धूळ फुप्फुसात बसलीय, ती आता निघत नाही. महिन्याभरात व्हिसा कॅन्सल झाला. त्याच्या जागी, कामावर आणि खोलीतही, नवा माणूस आला. मी त्याला मास्क लावत जा म्हणालो, तर म्हणाला, "गर्मी में दम घुटता है, भाई." दादाही हेच म्हणायचा.

दादा आता कोकणात, घरी आहे. आडवं पडलं की धाप लागते, म्हणून बसूनच झोपतो. वहिनीचा फोन आला, की मी म्हणायचो, औषधं चालू ठेवा, उतार पडेल. ती हो म्हणायची.

परवा म्हणाली, "भावजी, आता असं नका सांगू मला."

मी बरं म्हटलं.