परत लावणार नाही

आमच्या कॉलनीच्या क्लबात रविवारी दुपारी पोलिसांवरचे जुने माहितीपट दाखवले. लॅपटॉप माझ्याकडे होता, कारण ज्यात बोलावं लागत नाही ते काम मी आधी घेते. पडद्यावर निळ्या हाफपँटी आणि पिवळ्या टोप्या आल्या, तसे सगळे सुखावले.

"काय दरारा होता," नेनेकाका म्हणाले.

मग रस्ता मोकळा करताना एका हवालदाराने भाजीवालीची टोपली काठीने उलटवली. ती घरंगळणाऱ्या वांग्यांमागे धावली आणि हॉल हसला.

"बेटा, तेवढं परत लाव," नेनेकाका मला म्हणाले.

दरारा गोड आठवतो तो काठीच्या मागे उभं राहिलेल्यांनाच. आणि आता तिची टोपली पुन्हा उलटायला माझं बोट हवं होतं.

"नाही लावणार, काका." माझा आवाज चिरकला.

"अगं, गंमत आहे."

"तिला नव्हती."

"इंग्लिश मीडियम," मागून कोणीतरी पुटपुटलं.

फिल्म पुढे गेली. हवालदार निघून गेला. कॅमेरा वळता वळता कोपऱ्यात ती पुन्हा दिसली. टोपली सरळ करून, पदर खोचून, ती त्याच जागेवर बसली होती. मी तिथे फिल्म थांबवली आणि सगळ्यांना तिच्याकडे बघत बसू दिलं.