चौकटीवरचं नाव

नकुशीच्या आयुष्यात दोन नावं फार मोलाची होती आणि त्यातलं एकही तिचं नव्हतं. तिचं स्वतःचं नाव अगदी स्वस्तातलं. केंदूरच्या धनगराच्या घरात चौथी मुलगी झाली, बापानं तोंड फिरवलं आणि घरचे नकुशी म्हणून मोकळे झाले. ते नाव कुणीही उठावं आणि गल्लीच्या टोकापासून ओरडावं. नवऱ्याचं नाव मात्र तिनं तोंडातून काढायचं नाही. नवरा बिरदेव, म्हणजे नाव साक्षात कुळाच्या देवाचं. सासू अनसाबाईंनी लग्नानंतर लगेच बजावलं होतं, "नाव घेतलं की धन्याचं आयुष्य सरतं. आन् हितं तर देव बी कोपंल."

त्यामुळे नवऱ्याच्या नावाबरोबर देवाचं नावही गेलं. बिरदेव म्हणा की बिरोबा, देव एकच. जत्रेत सगळे भंडारा उधळत "बिरोबाच्या नावानं चांगभलं" ओरडायचे, तेव्हा नकुशी पहिले दोन शब्द गिळायची आणि नुसतंच "चांगभलं" म्हणायची. बिचारीचा नमस्कार पत्त्याविनाच जायचा. दवाखान्यात नाहीतर रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं, की ती आपल्या मुलीला, साधनाला पुढं करायची. साधनाला बोलता येऊ लागलं तेव्हापासून हे काम तिच्याकडंच होतं.

दुसरं मोलाचं नाव तिला दौंडला भेटलं. सासरची, भांडगावची जमीन भावांत वाटली गेल्यावर बिरदेव दौंडला मालधक्क्यावर हमालीला आला आणि नकुशी मिलकाबाई अष्टमकरांकडं धुणंभांडी करू लागली. मिलकाबाई रेल्वेतल्या एका गार्डच्या विधवा. जातीनं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. मुलं इस्राएलला गेली, बाई दौंडातच राहिल्या. बोलणं, साडी, भाकरी सगळं आपल्यासारखं. फक्त शनिवारी चूल पेटायची नाही, वाहनात बसायचं नाही, आणि दाराच्या चौकटीवर एक पितळी डबी तिरकी ठोकलेली. आतबाहेर करताना बाई डबीला बोटं लावून ती ओठांना टेकवायच्या.

"काय हाय वो त्यात?" नकुशीनं एकदा पुसता पुसता विचारलं.

"आमच्या शास्त्रातली वचनं. त्यात देवाचं नाव आहे."

"कंचं नाव?"

"ते आम्ही उच्चारत नाही."

नकुशी फडकं घेऊन तशीच उभी राहिली आणि खुदकन हसली. "म्हंजी तुमी बी?"

मग बाईंनी सांगितलं. चार अक्षरांचं नाव आहे. पोथीत आलं की त्या जागी अदोनाय, म्हणजे प्रभू, असं वाचायचं. बोलताना हाशेम म्हणायचं, म्हणजे नुसतं 'ते नाव'. ते लिहिलेलं पान फाटलं तरी केरात जात नाही, माणसासारखं पुरतात. नकुशीला हे फार पटलं. आपल्यासारखं तोंड बांधून जगणारं आणखी कुणी आहे, याचं तिला बरं वाटलं.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात साधनाची आठवीची परीक्षा झाली आणि बिरदेवनं तिचं लग्न ठरवलं. मुलगा सणसवाडीला कंपनीत, वय तिच्या दुपटीचं. बिरदेव काही राक्षस नव्हता. त्याच्या घरात असंच होत आलं होतं, एवढंच त्याला कळत होतं. नकुशी "एवढ्यात नगं" म्हणाली, तसं त्यानं मुलीला टेम्पोत घालून भांडगावला आजीकडं पोचवलं. निघताना नकुशीला बजावलं, "रविवारी लग्न हाय. तवाच ये." टेम्पो सुटताना साधना ओरडली, "आई, मला सोडव!"

शुक्रवारी दुपारी नकुशी चौकीत गेली. एवढं धाडस तिनं जन्मात केलं नव्हतं. हवालदार भला होता. मुलीचं वय ऐकून तो सावरून बसला.

"बापाचं नाव?"

नकुशीनं सवयीनं शेजारी पाहिलं. शेजारी साधना नव्हती.

"माजं धनी हायेत," ती म्हणाली.

"धन्याला नाव असेल की."

"देवाचं हाय."

हवालदारानं आपल्या परीनं प्रयत्न केला. "मारुती? खंडू? म्हसू?" नकुशी नुसती मान हलवत राहिली. बाकावरची माणसं मजा बघायला पुढं सरकली, आपापले देव सुचवू लागली आणि चौकीभर हशा पिकला. नाव तिच्या घशात सुक्या घासासारखं अडकलं होतं. गिळवेना आणि बाहेरही येईना. शेवटी हवालदार म्हणाला, "बाई, नावाशिवाय मी अडवू कुणाला?" पदर तोंडात कोंबून ती बाहेर पडली. तिला बिरदेवचा आला नव्हता एवढा राग स्वतःच्या जिभेचा आला.

मिलकाबाई दिवस बुडायच्या आत शब्बाथचे, म्हणजे शनिवार पाळायचे, दिवे लावत होत्या. नकुशी उंबऱ्याशी बसून सगळं बोलली. "तुमी बी न्हाई घेत ना नाव? मग सांगा की त्या पोलिसाला, पाप असतंय म्हणून."

"तुझं-माझं एक नाही, बाय," बाई जरा तडकूनच म्हणाल्या. "आम्ही घेत नाही ते मानानं. भीतीनं नाही. आणि देवानं ते नाव सांगितलं कधी, ठाऊक आहे? आमचे वाडवडील मिसर देशात गुलाम होते, विटा पाडून मरत होते. त्यांचं रडणं देवानं ऐकलं आणि सोडवायला मोशेला पाठवलं. तोही मेंढरंच राखत होता, तुमच्यासारखी. तो म्हणाला, कुणी पाठवलं विचारतील, तर काय नाव सांगू? देव म्हणाला, 'मी आहे'. सांग, 'मी आहे'नं पाठवलं."

"मी हाय? ह्ये नाव झालं?"

"त्या नावाचा अर्थ हाच. मी आहे, तुमच्याजवळ आहे. अडकलेल्यांना सोडवायला सांगितलेलं नाव ते. मान ठेवायचा म्हणून पोर बुडवा, असं कुठल्या देवानं सांगितलंय?"

"सासूबाई म्हंत्यात, धनी मरंल."

"लग्नात उखाणा घेतलास ना? तेव्हा नाव घेतलंच असशील."

नकुशीला आठवलं. नवी नवरी दारात उभी, आणि नणंद हात आडवे करून उंबऱ्यावर. "घेतलं. त्याबिगर ती दार सोडीना."

"मग मेला का तो?"

रडता रडता नकुशीला हसू आलं. "न्हाई."

"आता कुणाचं दार अडलंय?"

नकुशी डोळे पुसून दिव्यांकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. बाई रिक्षात बसेनात. काठी टेकत, जागोजागी थांबत त्या नकुशीबरोबर चौकीपर्यंत चालत आल्या. त्या काही बोलणार तोच हवालदार म्हणाला, "आजी, तुम्ही नका सांगू. तक्रार तिची. तिनंच नाव घ्यायला पाहिजे."

नकुशीनं डोळे मिटले. तिच्यापुढं भांडगावच्या घराचं दार होतं, आणि आत साधना.

"बिरदेव," ती म्हणाली. उखाणा नाही, यमक नाही, नुसतं नाव. छप्पर काही कोसळलं नाही. मग तिनं डोळे उघडून पुन्हा सांगितलं, "बिरदेव. भांडगावचं."

हवालदार म्हणाला, "उद्या मी येतो मांडवात. पण भावकी अंगावर येईल. पोरीच्या बाजूनं तिथं कोण आहे?"

"मी हाय."

मिलकाबाईंची बोटं नकळत ओठांकडं गेली.

रविवारी हवालदार मांडवात आला, लग्न झालं नाही आणि साधना आईबरोबर दौंडला परतली. पण नकुशी सुटली, असं मात्र कुणी समजू नये. अनसाबाईंनी तिला भांडगावचा उंबरा बंद केला. बिरदेवचं आयुष्य काही सरलं नाही, पण तो बोलायचा थांबला. एका खोलीच्या घरात तो भिंतीकडं तोंड करून जेवायचा आणि ती ताट सरकवायची. नवऱ्याचं नाव चौकीत घेणारी म्हणून बायका नळावर तिच्याकडं पाठ करायच्या. जायला दुसरं घर नव्हतं. हे सगळं वर्षानुवर्षं चाललं.

फक्त रोज संध्याकाळी साधना शाळेतून यायची आणि चप्पल काढायच्या आधीच दारातून ओरडायची, "आई, हायस का?"

स्टोव्हपुढून उत्तर यायचं, "हाय."