उमरेड ते हिंगणा: भाचीच्या खोलीतला स्वयंपाक

माझी भाची पायल हिंगण्याच्या कंपनीत चक्कर येऊन पडली. डॉक्टरनं रक्त कमी सांगितलं, आराम करायला लावला. बहीण रडायला बसली, "ताई, तिले घरी घेऊन ये." पोरगी नोकरी सोडायला तयार नाही. म्हटलं, मीच जाते अन् ओढून आणते. बाहेरचं रोज मला चालत नाही, म्हणून पिशवीत ज्वारीचं पीठ, सुकट अन् लोखंडी तवा घातला.

उमरेडहून सकाळचीच एसटी पकडा, नंतर कोळशाचे ट्रक आडवे येतात. बायकांना अर्धं तिकीट. नागपुरात तर्री पोहा खाल्ला; तर्री, म्हणजे वरचा तिखट रस्सा, वेगळी मागा, नाहीतर पोह्याचा चिखल होतो. हिंगण्याच्या सिटी बसमध्ये उभंच राहावं लागतं.

पायलच्या गल्लीत नुसते ठेले. नूडल, समोसे, चिप्सच्या पाकिटांच्या माळा.

"हेच खाऊन राहिली काय वं?"

"मावशी, भाजीवाला दुपारी येते. दिवसपाळी असली की मी कंपनीत राहते. अन् घरमालकीण शेगडी लावू देत नाही, भिंती काळ्या होतात म्हणते."

मी तशीच खाली घरमालकिणीकडे गेली. "बाई, पोरगी तुमच्याच जिन्यात पडली तर भिंती पुसत बसान काय?"

"मागच्या गॅलरीत पकवा," ती म्हणाली. "पण मच्छी नाही पाहिजे मले."

सुकट पिशवीतच राहिली. राग गिळला.

दुपारी पालक घेतला, भाकरी थापल्या. वासानं शेजारच्या खोल्यांतल्या दोन पोरी ताटल्या घेऊनच आल्या. एक रातपाळीची, दिवसा घरीच.

"मग भाजी काहून नाही घेत?"

"एकटीसाठी कोण पकवते, मावशी?"

डोकंच फिरलं. तिघींच्या पाळ्या वेगवेगळ्या, आठवड्याला बदलतात, म्हणजे दिवसा एक तरी घरी असतेच, अन् तिघी नूडल खातात! तिथंच ठरवून टाकलं: जिची रातपाळी, तिनं भाजी घ्यायची, तिघींचं पकवायचं.

निघताना पायलनं भीत भीत विचारलं, "मले न्यायले आल्या होत्या ना?"

"रक्त पुन्हा तपासतील. नाही वाढलं तर हात धरून नेईन."

उमरेडला उतरली तर आमच्या गल्लीतल्या दुकानातही तशाच माळा, लेकरांच्या हाताला येतील अशा टांगलेल्या. रोज पाहत होती, दिसल्या आजच.

बहीण दारातच. "पोरगी कुठं आहे?"

"तिथंच. माझा तवाही तिथंच."

सध्या शेजारणीच्या तव्यावर भाकरी करते. करपते मेली.