निरोप झाला, परवाना यायचा होता

माझा निरोपसमारंभ मी जायच्या कितीतरी महिने आधी उरकला गेला. चूक आमच्या आप्पांची. पण त्यांना फार बोल लावावासाही मला वाटत नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. होटगी जंक्शनला रेल्वेत पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी सोलापुरात दोन खोल्यांचं घर घेतलं. आई त्याआधीच गेलेली. माझं लग्न मोडलं तशी मी त्याच घरात परत आले आणि युनिफॉर्मच्या एका कारखान्यात मशीनवर बसले. शाळेच्या पोरांचे शर्ट शिवून शिवून हात इतका बसला की कॉलर लावताना मी गप्पा मारायचे, बघायचेही नाही. तिथल्याच एका बाईच्या ओळखीनं कळलं, की स्लोव्हाकियात मोटारींच्या सीटची कव्हरं शिवायला माणसं हवी आहेत. काम तेच, मशीन तेवढं मोठं. मी हो म्हणाले. गल्लीत कुणी विचारलं, "कुटं आलं हे?" की आप्पा "युरोपात" असं सांगायचे, शेजारच्या मोहोळच्या थोडं पुढं असल्यासारखं.

तिथं राहून काम करायचं तर तात्पुरता निवास परवाना लागतो. त्यासाठी जन्मदाखला, पोलिसांचा दाखला, त्यावर शिक्का, त्या शिक्क्यावर आणखी एक शिक्का, आणि सगळ्याचं त्यांच्या भाषेत भाषांतर. माझ्या घटस्फोटाच्या निकालाचंही भाषांतर झालं. ते हातात आल्यावर मी उगाच चाळून बघितलं. एक अक्षर कळत नव्हतं, त्यामुळे माझा संसार पहिल्यांदाच बरा वाटला.

अर्ज द्यायला दिल्लीला त्यांच्या वकिलातीत स्वतः जावं लागलं. आप्पा त्यांच्या रेल्वेच्या पासवर सोबत आले. आत माझ्या बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला आणि अर्ज मिळाल्याची पोच दिली. बाहेर आल्यावर आप्पांनी ती पोच उन्हात धरून शिक्का नीट न्याहाळला.

"झालं की काम."

"आप्पा, ही नुसती पोच हाय. परवाना यायचाय अजून."

"अर्ज घेतला म्हंजे दिल्यागतच."

त्यांचंही खोटं नव्हतं. कचेऱ्यांमध्ये त्यांनी जन्मभर हेच बघितलं होतं, की सगळी रडकथा अर्ज घेईपर्यंतच असते. फोटो चुकला, सही राहिली, साहेब जागेवर नाहीत. एकदा पोच हातात पडली की काम होणारच, आज नाही तर उद्या. नोकरीचं जमवून देणारा एजंटही म्हणाला होता, कधीही बोलावणं येईल, तयारीत राहा. मी नोकरी सोडून मोकळी झाले.

सोलापुरात उतरल्या उतरल्या आप्पांनी पेढे वाटले. गल्लीतल्या मंडळानं चौकात फ्लेक्स लावला. त्यावर माझा अर्जाला जोडायला काढलेला फोटो, दोन्ही कान दिसणारा, न हसणारा. आणि खाली मंडळाचे सगळे कार्यकर्ते हसतमुख. बायकांनी माझी ओटी भरली. एरवी हळदीकुंकवाला मला विसरणाऱ्याही त्यात होत्या. शेंगाचटणीचे इतके डबे आले की ठेवायला जागा उरली नाही. कारखान्यातल्या मैत्रिणी गळ्यात पडून रडल्या. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

आणि मग काही झालंच नाही.

"अगं, तू अजून हितंच?" लोक आधी हसून विचारायचे. नंतर विचारताना हसेनासे झाले, आणि काहींनी तर विचारणंच सोडलं. ते जास्त लागलं. माझ्या मशीनवर दुसरी बसली होती. मैत्रिणींचे फोन आपोआप थांबले. त्यांच्या लेखी मी केव्हाच जाऊन पोचले होते. जवळच्या मंडईत जायचं मी टाळू लागले. लांबच्या बाजारात मला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून तिथं बरं वाटायचं. कुणी ओळखत नव्हतं म्हणूनच तिथं फार वेळ थांबवायचंही नाही. एजंटला फोन केला की तो एकच वाक्य म्हणायचा, "मॅडम, प्रोसेसमध्ये आहे."

अशातच एका सकाळी उठले तर आप्पा परातीपुढं बसलेले. कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ.

"सरका तिकडं, मी थापते."

"न्हाय. तू हितं न्हाईस असं धरून चाललोय मी."

मला हसू आलं. भाकरी उचलताना तिचे तीन तुकडे झाले आणि तिन्ही वेगवेगळ्या दिशेनं तव्यावर पडले.

"पाणी उकळतं घ्या की. जुनी ज्वारी हाय, थंड पाण्यात कशी थापंल?"

"तितनं येणार हाईस का सांगायला? मग गप बस की."

हळूहळू त्यांनी एकेक काम माझ्या हातातून काढून घेतलं. गॅसची टाकी बदलणं, फोनवरून लाइटबिल भरणं, बीपीच्या गोळ्या संपायच्या आत आणून ठेवणं. मी मदतीला उठले की हातानं थांबवायचे. मग मी बाहेरच्या खोलीत बसून राहायचे. आतून थापण्याचा आवाज यायचा, मध्येच थांबायचा, आप्पा स्वतःशी काहीतरी पुटपुटायचे, पुन्हा आवाज सुरू. परदेशात एकटं पडायची मला भीती होती. पण इतकी एकटी मी इथंच पडले, माझ्याच घरात, भिंतीपलीकडं बाप भाकऱ्या थापत असताना.

एका दुपारी मी भाजी घेऊन आले तर आप्पा जेवायला बसले होते. एकच ताट वाढलेलं. घास तोंडाशी नेताना त्यांनी वर बघितलं, मी दारात उभी दिसले, आणि ते धडपडत उठले.

"इसरलोच गं मी."

"मी मेले न्हाय अजून, आप्पा! का दिवस घालून मोकळे झालात?"

शेजारी ऐकू गेलं असेल. जाऊ दे म्हटलं. आप्पांनी माझं ताट वाढलं, पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि माझं होईपर्यंत आपल्या ताटाला हात लावला नाही. भाकरी मऊ झाली होती, पदर सुटला होता. ते मी त्यांना सांगितलं नाही.

त्या दिवसापासून मी मनात नकार मागू लागले. परवाना नको, सरळ नकार यावा. लोक हसले असते चार दिवस. कारखान्यात जाऊन हात जोडले असते तर कुठल्यातरी मशीनवर त्यांनी मला बसवलंही असतं. पण हे आप्पांना कुठल्या तोंडानं सांगणार? म्हातारा माणूस हात भाजून घेत एवढं सगळं शिकत होता, ते माझ्या जाण्यासाठीच ना?

परवाना मंजूर झाल्याचा फोन आला तेव्हा आप्पा मागे कपडे वाळत घालत होते.

"आप्पा, आला."

"काय?"

"परवाना."

त्यांनी हातातला शर्ट झटकला, दोरीवर टाकला, चिमटा लावला. मग दुसऱ्या बाजूनं आणखी एक लावला.

"बरं झालं," म्हणाले.

दुसऱ्यांदा निरोप कोण देणार? लोकांचंही काय चुकलं, त्यांचा देऊन झाला होता. मी निघाले तो कामाचा दिवस होता, भर दुपार, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. समोरच्या काकूंनी गॅलरीतून हात केला, कानाला फोन तसाच. रिक्षा दारात उभी होती. आप्पा स्टेशनवर येणार असं मी धरून चालले होते. ज्याचा जन्म स्टेशनात गेला तो येणार नाही तर काय? पण ते पायरीवर बसलेले, पायात चप्पलही नव्हती.

"चला की, आप्पा."

"न्हाय येत. जा तू."

बॅगा रिक्षात टाकून मी परत आले आणि वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला तो उचललाच नाही. मी तशीच वाकलेली.

"रोज देवाला म्हणायचो, हिचा परवाना येऊ देऊ नगं," ते हळूच म्हणाले. "आन रोज भाकरी शिकायचो."

मीही तेच मागत होते, हे माझ्या ओठावर आलं आणि तिथंच अडलं. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

"मग आधी का न्हाय बोललात?"

"बोललो असतो तर तू ऱ्हायली असतीस की."

त्यांचं बरोबर होतं. मी रिक्षात जाऊन बसले.